शेलचेक: अभ्यासिकेतील कुलूप, आवाज आणि एका स्क्रिप्टची झाडाझडती

यवतमाळ जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील आमच्या गावात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता असलेले ‘ड’ वर्गाचे एक वाचनालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालते. तिथे सहा जुने संगणक असून त्या सर्वांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. त्यांची देखभाल मी हौसेने करतो. मी व्यवसायाने शिक्षक आहे, संगणकतज्ज्ञ नाही. त्यामुळे शेल स्क्रिप्टमधील, म्हणजे लिनक्सच्या ‘शेल’ या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामसाठी फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञांमधील, चुका शोधून देणाऱ्या ‘शेलचेक’ या साधनाचे हे परीक्षण माझ्यासारख्याच, म्हणजे स्क्रिप्ट वाचता येते पण आत्मविश्वासाने लिहिता येत नाही, अशा माणसाच्या नजरेतून झालेले आहे. मत सुरुवातीलाच नोंदवतो: साधन फुकट आहे, उत्तम आहे आणि ज्याच्या यंत्रावर एक जरी घरगुती स्क्रिप्ट चालते त्याने ते बसवून घ्यावे. मात्र आम्हाला सर्वांत जास्त छळणाऱ्या चार दोषांपैकी एकही त्याने पकडला नाही, आणि का पकडला नाही हे समजून घेण्यातच आमचा एक महिना गेला.

आमची स्क्रिप्ट संगणकाचा आवाज बंद करून पडद्याला कुलूप लावते. अभ्यासिकेच्या संगणकांना अशी स्वयंचलित व्यवस्था कशाला हवी, असा प्रश्न विदर्भाबाहेरच्या वाचकाला पडू शकेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि अभ्यासिकेत दोन मोठे कुलर दिवसभर चालतात. कुलरच्या घरघरीत हेडफोन लावूनही व्याख्यान नीट ऐकू येत नाही, म्हणून मुले आवाज शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतात. मग मध्येच भारनियमन सुरू होते, कुलर थांबतात, संगणक मात्र इन्व्हर्टरवर चालू राहतात, आणि एखादा मुलगा हेडफोनची पिन उपसून चहाला गेलेला असला की शांत खोलीत राज्यघटनेच्या कलमांचा गजर सुरू होतो. शिवाय उघड्या राहिलेल्या पडद्यावर कुणाचा ईमेल, कुणाचा परीक्षेचा अर्ज तसाच दिसत राहतो. यावर उपाय म्हणून आमच्याच गावच्या, यवतमाळला बीसीए करणाऱ्या एका विद्यार्थ्याने एक स्क्रिप्ट लिहून दिली. दहा मिनिटे संगणकाला कुणाचा हात लागला नाही, तर तिने आवाज बंद करावा आणि पडद्याला कुलूप लावावे. वापरणारा परत येऊन पासवर्ड टाकेल तेव्हा आवाज पूर्वी जसा होता तसाच करून द्यावा. आणि रात्री नऊला, वाचनालय बंद होण्याच्या वेळी, सर्व संगणकांवर हेच एकदा आपोआप करावे, एवढीच अपेक्षा होती. आवाजासाठी पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या सर्व्हरची ‘पॅक्टल’ ही आज्ञा, कुलपासाठी ‘आयथ्रीलॉक’, निष्क्रियतेवर लक्ष ठेवण्यासाठी ‘एक्सएसएस-लॉक’ आणि नऊच्या ठोक्यासाठी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा, असा त्याचा आराखडा होता. आराखडा चांगला होता. स्क्रिप्ट त्याच्या लॅपटॉपवर चाललीही. आमच्याकडे आली आणि सुरूच होईना.

इथे शेलचेक आमच्या आयुष्यात आले. विदार होलेन यांनी हॅस्केल या भाषेत लिहिलेल्या या साधनावरील स्वामित्वाची नोंद २०१२ पासूनची आहे आणि ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे. डेबियनच्या भांडारात ते असतेच, त्यामुळे एका आज्ञेत बसते. ज्यांच्या गावी नेट धड नाही त्यांना एकाच फाइलच्या रूपातील तयार आवृत्ती दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणूनही चालवता येते, आणि तपासणीच्या वेळी त्याला इंटरनेट लागत नाही. काम सरळ आहे: स्क्रिप्टचे नाव दिले की ते तिच्यातील ओळ न् ओळ वाचते, पण स्क्रिप्ट चालवत नाही. जिथे खटकते तिथे ती ओळ छापून खाली बोट दाखवल्यासारखी खूण करते आणि प्रत्येक आक्षेपाला ‘एससी’ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक देते. आक्षेपांच्या चार पायऱ्या आहेत: चूक, इशारा, माहिती आणि शैली. आमच्या साठ-सत्तर ओळींच्या स्क्रिप्टवर पहिल्यांदा ते चालवले तेव्हा दोन पडदे भरून आक्षेप आले, आणि खरे सांगायचे तर मी घाबरून टर्मिनल बंद केले होते.

पण त्यातले बहुतेक आक्षेप एकाच क्रमांकाचे होते. एससी १०१७ म्हणजे ओळीच्या शेवटी आलेले कॅरेज रिटर्न हे चिन्ह. त्या विद्यार्थ्याने स्क्रिप्ट विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये लिहिली होती. विंडोज ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांनी करते, लिनक्स एका. उरलेले दुसरे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, मात्र लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पहिल्या ओळीतील शेलच्या नावाला ते चिकटलेले धरते आणि त्या भलत्या नावाचा शेल शोधू लागते, जो अर्थातच कुठेही नसतो. ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा निरोप येतो आणि माणूस समोर दिसणाऱ्या फाइलकडे पाहत डोके खाजवत बसतो. मी यावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. शेलचेकने रोग सांगितलाच, शिवाय ते चिन्ह कोणत्या आज्ञेने काढून टाकावे हेही त्याच ओळीत लिहिले. साफसफाईनंतर दोन पडद्यांचे आक्षेप अर्ध्या पडद्यावर आले. स्क्रिप्टमधील दोन-तीन ओळी त्याने आपल्या महाविद्यालयीन प्रकल्पाच्या वर्ड फाइलमधून उचलल्या होत्या. तिथे सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झाली होती. छापील मजकुरात ती शोभून दिसतात, शेलला मात्र ती अवतरणचिन्हे वाटतच नाहीत. तीही शेलचेकने अचूक दाखवली. एवढ्या कामगिरीवर या साधनाची किंमत असती तरी वसूल झाली असती.

पुढचा झेल मात्र खऱ्या अर्थाने सुंदर होता. पडद्याला आधीच कुलूप असेल तर दुसरे लावू नये, म्हणून स्क्रिप्ट चालू प्रक्रियांची यादी ‘पीएस’ने काढून तिच्यात ‘ग्रेप’ने आयथ्रीलॉकचे नाव शोधत असे. आता, त्या क्षणी नाव शोधणारी ग्रेप ही प्रक्रियाही यादीत असते आणि तिच्या आज्ञेतच ‘आयथ्रीलॉक’ हा शब्द असतो. म्हणजे स्क्रिप्टला कुलूप लावलेले नेहमीच सापडत असे, ते तिचे स्वतःचेच प्रतिबिंब असे, आणि ती समाधानाने निघून जात असे. खाकेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याची ही उलटी तऱ्हा: खाकेतलाच कळसा पाहून गावभरच्या विहिरी भरल्याचा दाखला देणे. शेलचेकने एससी २००९ या क्रमांकाखाली सुचवले की त्याऐवजी ‘पीग्रेप’ वापरावे. नेमक्या नावाचाच शोध घेणारा पर्याय देऊन आम्ही तसे केले आणि पडद्याला पहिल्यांदा कुलूप लागले. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत टाळ्या वाजल्या, अशी नोंद करायला हरकत नाही.

तिसरा दोष समजायला अवघड होता. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘एसएच’ या शेलचे नाव होते आणि आत ‘बॅश’ या दुसऱ्या शेलचे दुहेरी चौकोनी कंस वापरलेले होते. डेबियनमध्ये एसएच म्हणजे बॅश नव्हे. त्या नावामागे ‘डॅश’ हा लहान आणि चपळ शेल असतो, आणि त्याला दुहेरी कंसांची ओळख नाही. मी हाताने चालवून पाहताना ‘बॅश’ असे लिहून पुढे फाइलचे नाव देत असे, त्यामुळे पहिली ओळ नुसती टिप्पणी ठरे आणि सारे सुरळीत दिसे. क्रॉनमधून मात्र स्क्रिप्ट आपल्या पहिल्या ओळीप्रमाणे डॅशच्या हाती जाई. डॅशला दुहेरी कंस ही कुठली तरी न सापडलेली आज्ञा वाटे, अट खोटी ठरे आणि स्क्रिप्ट न थांबता ‘नाहीतर’च्या वाटेने पुढे जाई. न थांबता, हे महत्त्वाचे. शेलमध्ये अटीच्या जागी झालेली चूक ही चूक मानली जात नाही, केवळ नकार मानली जाते. शेलचेकने एससी ३०१० म्हणून हे दाखवले तेव्हा मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, पयल्या ओळीत बॅश लिहून टाका, बाकीले हात नका लावू.” तसे केले. शहाणपणाचा सल्ला होता.

चौथा आक्षेप एससी २१५५. ज्यांना यातले काहीच कळत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे, पण माझ्या मते शेलचेकची खरी उंची इथे दिसते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एखादी आज्ञा फसली तर तिथेच थांब’ असा आदेश होता. तरीही पॅक्टल फसत असताना स्क्रिप्ट थांबत नव्हती. कारण पॅक्टलचे उत्तर ज्या ओळीत चलात, म्हणजे किंमत साठवण्यासाठी दिलेल्या नावात, साठवले जात होते, त्याच ओळीत ‘लोकल’ या शब्दाने ते चल घोषितही केले जात होते. अशा ओळीचा निकाल आतल्या आज्ञेवर ठरत नाही, घोषणेवर ठरतो, आणि घोषणा तर यशस्वी झालेलीच असते. म्हणजे ग्रामसभेत ठराव नापास झाला तरी सभा पार पडली म्हणून इतिवृत्तावर ‘यशस्वी’चा शिक्का मारावा, तसे. घोषणा एका ओळीत आणि किंमत दुसऱ्या ओळीत, अशी फोड केली आणि स्क्रिप्ट जिथे फसत होती तिथे खरोखर थांबू लागली. त्याने दोष सुटला नाही, पण दोष कुठे आहे हे पहिल्यांदा दिसले.

एससी २०८६ची कथा थोडक्यात. कुलपाच्या पडद्यावर दाखवायच्या चित्राचे नाव आम्ही ‘ग्रंथालय चित्र’ असे, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवले होते. चल अवतरणचिन्हांत नसल्यामुळे नावाचे दोन तुकडे होऊन भलतेच दोन शब्द आयथ्रीलॉकच्या हाती पडत. अवतरणे घातली, प्रश्न मिटला. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या बहुतेकांना शेलचेक पहिल्यांदा भेटते ते याच क्रमांकाच्या रूपाने.

एवढे झाल्यावर शेलचेक गप्प झाले. एकही आक्षेप उरला नाही. आणि स्क्रिप्ट तरीही नीट चालेना.

पहिली तक्रार पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने आणली: “काका, कुलूप लागते, आवाज बंद होते, आन् लगेच पुन्हा चालू होते.” स्क्रिप्ट वाचून पाहिली. आधी आवाज बंद, मग आयथ्रीलॉक, मग आवाज चालू. क्रम तर बरोबर होता. दोष आयथ्रीलॉकच्या स्वभावात होता. काही वेगळे सांगितले नाही तर हा प्रोग्राम पडदा झाकतो, स्वतःची एक प्रत पार्श्वभूमीला सोडतो आणि ‘माझे काम झाले’ असे सांगून लगेच परततो. स्क्रिप्टला वाटते कुलूप उघडले, म्हणून ती पुढची ओळ चालवते आणि आवाज सुरू करते. ‘-एन’ हा पर्याय दिला की आयथ्रीलॉक कुलूप उघडेपर्यंत जागेवर थांबतो. आयथ्रीलॉकच्या माहितीपानात हे स्पष्ट लिहिलेले आहे. शेलचेकला मात्र हे कळण्याचा मार्ग नाही, कारण ते शेलची भाषा जाणते, शेलने बोलावलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या सवयी जाणत नाही. यात मी त्याला दोष देत नाही.

दुसरी गोष्ट क्रॉनची. रात्री नऊला काहीच घडत नव्हते. आता स्क्रिप्ट जिथे चूक होते तिथेच थांबत असल्यामुळे नोंदवहीच्या फाइलमध्ये निरोप सापडला: पॅक्टलला जोडणी नाकारली गेली होती. हाताने चालवताना वापरकर्त्याच्या सत्रातील अनेक चले स्क्रिप्टला आपोआप मिळतात. पडदा कोणता हे सांगणारे ‘डिस्प्ले’ आणि आवाजाच्या सर्व्हरचा ठिकाणा ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता सांगणारे ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ ही त्यांतली दोन मुख्य. क्रॉन यांतले काही देत नाही. तो स्क्रिप्टला जवळजवळ रिकाम्या हाताने बाहेर काढतो. अशा वेळी पॅक्टल पल्सऑडिओपर्यंत पोचत नाही आणि आयथ्रीलॉकला पडदा सापडत नाही. मी आधी दोन्ही चले क्रॉनच्या ओळीत हाताने लिहून दिली. आवाजाचा पत्ता लागला, कुलूपही लागू लागले, आणि त्यातून तिसरा दोष बाहेर पडला.

नऊ वाजले होते, अभ्यासिका रिकामी झाली होती आणि मी वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होतो. कोपऱ्यातला एक संगणक बराच वेळ आधीच कुलूपबंद होऊन शांत झालेला होता. नऊच्या ठोक्याला त्यातून १८५७च्या उठावाची कारणे मोठ्या आवाजात सुरू झाली. झाले असे होते की आवाज बंद करण्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘टॉगल’ हा शब्द होता, म्हणजे असेल तर बंद कर आणि बंद असेल तर चालू कर. निष्क्रियतेच्या कुलपाने आवाज एकदा बंद केला होता. नऊच्या क्रॉनने त्याला उलटा केला आणि रेकॉर्ड केलेले व्याख्यान, जे आत मूकपणे चालूच होते, ते ऐकू येऊ लागले. कुलूप पडदा झाकते, चालू असलेला प्रोग्राम थांबवत नाही, हेही मला त्याच रात्री नीट समजले. टॉगलच्या जागी नुसता १ लिहिला की आज्ञा कितीदाही चालो, आवाज बंदच राहतो. ज्या आज्ञा आपल्या गैरहजेरीत चालणार आहेत त्यांत टॉगल लिहू नये, हा नियम मी अभ्यासिकेच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. शेलचेकच्या दृष्टीने ती ओळ निर्दोष होती, आणि व्याकरणाच्या अंगाने होतीच.

क्रॉनच्या ओळीत चले कोंबण्याचा माझा उपायही पुढे टिकला नाही. वापरकर्ता बदलला की फोल्डरचा पत्ता बदलतो. शेवटी त्याच विद्यार्थ्याने सुचवलेली वाट सरळ निघाली. नऊ वाजता क्रॉनने स्क्रिप्ट चालवायचीच नाही. प्रशासकाच्या अधिकाराने ‘लॉगिनसीटीएल’ या सत्रे सांभाळणाऱ्या आज्ञेला सर्व सत्रांना कुलूप लावण्याची सूचना तेवढी द्यायची. ती सूचना प्रत्येक सत्रात आधीपासून बसलेल्या एक्सएसएस-लॉकला ऐकू येते आणि तो आमची स्क्रिप्ट सत्राच्या आतूनच, सर्व चलांसह, सुरू करतो. त्यामुळे निष्क्रियतेचे कुलूप आणि नऊचे कुलूप एकाच दारातून येऊ लागले, आणि एक कुलूप लागलेले असताना एक्सएसएस-लॉक दुसरे सुरू करत नसल्याने दुहेरी चालण्याचा प्रश्नही उरला नाही. क्रॉनच्या पर्यावरणाबाबत शेलचेक काही सांगत नाही. सांगू शकणारही नाही, कारण स्क्रिप्ट कुठून चालवली जाणार हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नसते.

चौथा दोष माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, कारण तो मराठी वापरणाऱ्यांच्याच वाट्याला येणारा आहे. सहा संगणकांपैकी दोन आम्ही पूर्ण मराठीत ठेवले आहेत. वाचनालयात येणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना तेच सोयीचे वाटतात. तक्रार या दोनच संगणकांची होती: वापरणाऱ्याने स्वतःहून आवाज बंद ठेवलेला असला, तरी कुलूप उघडताच तो चालू होई. इतर चार संगणकांवर तीच स्क्रिप्ट, अक्षराचाही फरक न करता, बरोबर वागत होती. मी आधी साउंड कार्डवर संशय घेतला, मग तारांवर, मग, लपवण्यात अर्थ नाही, वापरणाऱ्यांवर.

कुलूप लावण्यापूर्वी आवाज बंद होता की चालू, हे स्क्रिप्ट पॅक्टलला विचारत असे आणि उत्तरात ‘येस’ हा इंग्रजी शब्द शोधत असे. पॅक्टल माणसांसाठी छापलेली आपली उत्तरे यंत्राच्या भाषेप्रमाणे अनुवादित करून देतो. इंग्रजी संगणकावर ‘येस’ येत होते. मराठी संगणकावर ‘होय’ येत होते. स्क्रिप्टला ‘येस’ सापडत नसे, म्हणून ती समजे की आवाज चालूच होता, आणि इमानेइतबारे तो चालू करून देई. ज्या मुलाने ती लिहिली त्याचा लॅपटॉप इंग्रजीत, तपासणी करणारा मीही टर्मिनल इंग्रजीतच उघडणारा. ‘होय’ हा शब्द पडद्यावर दिसेपर्यंत दोघांच्याही डोक्यात हे आले नाही. उपाय एका शब्दाचा आहे: पॅक्टलच्या आज्ञेपुढे ‘एलसी_ऑल=सी’ लिहिले की तेवढ्या आज्ञेपुरती भाषा मूळ इंग्रजीवर येते, बाकीचा संगणक मराठीतच राहतो. ज्या कुणाला आपले संगणक मराठीत चालवायचे आहेत आणि त्यांवर स्क्रिप्टही चालवायच्या आहेत, त्यांनी दुसऱ्या प्रोग्रामचे छापील उत्तर वाचणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे हा शब्द सवयीने लिहावा. परदेशी मार्गदर्शकांत तो फारसा दिसत नाही, कारण लिहिणाऱ्याचे यंत्र बहुधा इंग्रजीतच असते. शेलचेकने याबद्दल निदान एखादी माहितीच्या पायरीवरची टीप द्यावी, अशी माझी सूचना राहील.

याच ओघात आणखी एक इशारा. आवाजाची सद्यःस्थिती विचारणारी पॅक्टलची ही सोय पल्सऑडिओच्या १५.० या आवृत्तीपासूनची, म्हणजे २०२१ची आहे. डेबियन १२मध्ये १६.१ असल्याने आमचे अडले नाही. पण शेजारच्या गावातील एका शाळेत डेबियन ११ होते, त्यात १४.२ ही आवृत्ती येते, आणि तिथे आमची दुरुस्त केलेली, शेलचेकने निर्दोष ठरवलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडखळली. तिथे पॅक्टलची लांबलचक यादी काढून तिच्यातून स्थिती निवडावी लागली.

आता साधनाबद्दलच्या माझ्या तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे संदेश फक्त इंग्रजीत आहेत, आणि तेही जाणकाराला जाणकाराने सांगावे इतके आखूड. ‘ग्लॉबिंग आणि वर्ड स्प्लिटिंग टाळण्यासाठी दुहेरी अवतरणे द्या’ या वाक्यातील पहिले दोन शब्द ज्याला कळतात त्याला इशाऱ्याची गरज फारशी नसते, आणि ज्याला इशाऱ्याची गरज आहे त्याला ते कळत नाहीत. प्रत्येक क्रमांकाचे सविस्तर स्पष्टीकरण विकीवर आहे, ते उदाहरणांसह आणि अतिशय नीट लिहिलेले आहे. पण त्यासाठी नेट लागते, आणि आमच्याकडे वीज गेली की पाठोपाठ टॉवरही जातो. ही पाने साधनासोबतच मिळायला हवी होती. मी आम्हाला लागलेल्या पंधरा-सोळा क्रमांकांची पाने छापून फाइलला लावली आहेत. दुसरी तक्रार गोंगाटाची. नवशिक्याला शैलीविषयीचे आक्षेप आणि खरे दोष सारख्याच आवाजात ऐकू येतात. ‘-एस’ या मोठ्या अक्षरातील पर्यायाने इशाऱ्यापासून वरचेच आक्षेप दाखव असे सांगता येते, हे मला फार उशिरा कळले. मात्र सावध राहावे: एससी २०८६ माहितीच्या पायरीवर असल्यामुळे ही गाळणी लावली की आमच्या चित्राच्या नावासारखा दोषही गळून जातो. एखादा आक्षेप विचारपूर्वक नाकारायचा असेल तर त्या ओळीच्या वर टिप्पणी लिहून तो गप्प करता येतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये अशी एकच टिप्पणी आहे आणि तिच्यापुढे कारण मराठीत लिहिले आहे. टिप्पण्या देवनागरीत असल्याने शेलचेकला काही अडचण आली नाही, ही जमेची बाजू.

साध्या दुरुस्त्या आपोआप करून देणारी सोयही आहे. निकाल ‘डिफ’ या स्वरूपात मागितला की पॅच, म्हणजे बदलायच्या ओळींची यादी, मिळतो आणि तो स्क्रिप्टला लावता येतो. अवतरणचिन्हांपुरती ती छान चालली. पण मी ती विद्यार्थ्यांना वापरू देत नाही. दुरुस्ती हाताने केली तरच पुढच्या वेळी चूक टळते, असे माझे शिक्षकी मत आहे, आणि ते साधनावर लादणे अन्यायाचे आहे हेही मला मान्य आहे.

सध्याची पद्धत अशी. स्क्रिप्टमध्ये काहीही बदल झाला की आधी शेलचेक, आणि ते गप्प झाल्यावर चार गोष्टी हाताने: आवाज चालू ठेवून कुलूप लावणे-उघडणे, आवाज बंद ठेवून तेच करणे, कुलूप लागलेले असताना पुन्हा कुलपाची सूचना देणे, आणि हे सर्व एकदा मराठी संगणकावर करून पाहणे. याला सात-आठ मिनिटे लागतात. मगच ती पेनड्राइव्हवरून बाकीच्या पाच यंत्रांवर जाते. एक दोष अजून शिल्लक आहे: कुलूप लागलेले असताना कुणी यूएसबी हेडफोन जोडला किंवा काढला, तर मूळ आवाजाचे साधन बदलते, आणि उघडल्यावर स्क्रिप्ट भलत्याच साधनाचा आवाज पूर्ववत करते. कुलूप लावतानाच साधनाचे नाव साठवून ठेवले की तो जाईल. दिवाळीच्या सुट्टीत तो विद्यार्थी गावी आला की ते करायचे ठरले आहे. तोवर यूएसबी हेडफोन कपाटात ठेवले आहेत आणि किल्ली माझ्याजवळ आहे.